निळ्या पट्टीवरचं फडकं

हॉलमध्ये शिरल्यावर मी आधी जमीन पाहतो, भिंती नंतर. ऊन कोणत्या फरशीवर आलं आहे ते दिसलं की कोणती झडप ओढायची आणि कोणती सोडायची हे हाताला आपोआप कळतं. घड्याळ मी वापरत नाही. लग्नात मिळालं होतं, ते बंद पडलं, तेव्हापासून दुरुस्त केलेलं नाही. अडलं नाही कुठं.

इमारत काळ्या दगडाची आहे, विजेच्या आधीची. इंग्रजांनी कचेरीसाठी बांधली, नंतर कधीतरी तिच्यात चित्रं आणून टांगली. वीज नव्हती म्हणून खिडक्या भरपूर. पश्चिमेला सात, उत्तरेला पाच, आणि छताखाली झरोके, जे लांब काठीच्या आकड्यानंच उघडतात. पूर्वेला व्हरांडा, दक्षिणेला कोरी भिंत. मी इथं पहिल्यांदा आलो तो उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला. पुढं एका साहेबाच्या लक्षात आलं की ताट्यांचं पाणी भिंतीत मुरतं आणि चित्रांना बुरशी धरते. ताट्या गेल्या, मी राहिलो, आणि खिडक्या माझ्याकडे आल्या.

शाळा माझी तिसरीत सुटली. पण नागपूरचं ऊन मला जेवढं कळतं तेवढं कोण्या पदवीवाल्याला कळत असेल तर त्यानं समोर यावं. वय झालं म्हणून मला घरी बसवलं तेव्हा माझ्या जागी आधी एक माणूस ठेवला, त्यानं झरोक्याची काच फोडली. दुसरा ठेवला, तो पश्चिमेच्या खिडक्या सताड उघड्या टाकून जेवायला गेला. मग आताच्या साहेबांचा फोन आला, "काकाजी, या बावा परत. तुमच्याशिवाय खिडक्या आयकत नाई." मी दोन दिवस मुद्दाम गेलो नाही. तिसऱ्या दिवशी हुडकेश्वरहून पहिली बस धरली.

तर अशा माणसाला एक दिवस साहेबांनी सांगितलं की खिडक्या बंद होणार.

"म्हणजे दुरुस्तीले?"

"नाई ना. कायमच्या. आता सगळीकडे तसंच करून राह्यले, काकाजी. खिडकीले आतून प्लायवूड, वरतून एलईडी. चित्र खराब होत नाई."

"मंग एवढी दगडाची इमारत कायले पायजे? वाडीले एखादं गोडाऊन घ्या ना भाड्यानं. तिथं खिडक्याच नसतात."

साहेब हसले. ते नागपूरचेच, पोटानं मोठे आणि मनानं वाईट नाहीत. म्हणाले, "आधी एक मॅडम येऊन पाहणार हायेत. चित्रं सांभाळायचं शिकल्या हायेत त्या. त्यांचं म्हणणं पडलं तं राहतीन खिडक्या."

मॅडम दिवाळीनंतर आल्या. पुण्याकडच्या, पस्तिशीच्या असतील, पायात पळायचे बूट आणि खांद्याला कापडी पिशवी. आल्या त्या साहेबांच्या खोलीत गेल्याच नाहीत, सरळ हॉलमध्ये. मधोमध उभ्या राहिल्या आणि वर झरोक्यांकडे पाहत म्हणाल्या, "किती छान उजेड आहे हो इथे!"

माझी छाती फुगली. 

मग त्यांनी पिशवीतून हातात मावेल एवढं यंत्र काढलं आणि एकेका चित्रापुढं धरून आकडे लिहायला लागल्या. मी मागं मागं.

"काका, या खिडक्या तुम्ही उघडता?"

"मीच उघडतो. कोणाची तक्रार हाय काय?"

"तक्रार नाही. उलट मला या खिडक्या राहाव्यात असंच वाटतं. हा हॉल दिवसाच्या उजेडासाठीच बांधलाय. पण उजेड रंगाला खातो, काका. रोज थोडा थोडा. आणि एकदा गेलेला रंग पुन्हा अंधारात ठेवला म्हणून परत येत नाही."

"चाळीस वर्सं झाले, बाई. रोज पाह्यतो मी हे चित्रं. रत्तीभर फरक नाई पडला."

त्या वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी एक पुठ्ठा काढला, पोस्टकार्डापेक्षा लहान. त्याच्यावर लोकरीच्या कापडाच्या आठ निळ्या पट्ट्या, एकीखाली एक. पहिली सगळ्यात नाजूक, उजेडात लवकर विटणारी, आणि आठवी सगळ्यात टणक. पुठ्ठ्याचा डावा अर्धा भाग त्यांनी चांदीच्या कागदानं झाकून टाकला. झाकलेला भाग आहे तसा राहील, उघडा भाग जेवढा विटेल तेवढा उजेड चित्रानं खाल्ला असं समजायचं. यंत्र फक्त त्या क्षणाचा उजेड सांगतं, पुठ्ठा वर्षभराचा सांगतो.

"दसऱ्याच्या सुमारास मी परत येईन," त्या साहेबांना माझ्यासमोर म्हणाल्या. "पहिल्या पट्ट्या बेतानं उतरल्या असतील तर खिडक्या राहतील. फार उतरल्या तर प्लायवूड लावावं लागेल. मीच तसं लिहून देईन."

म्हणजे परीक्षा चित्रांची नव्हती, माझी होती. तिसरीत सोडून पळालो होतो ती परीक्षा सत्तरीत निळे कपडे घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

पुठ्ठा त्यांनी पाणवठ्याच्या चित्राशेजारी लावला, हॉलच्या मधल्या आडभिंतीवर. ते चित्र कागदावरचं आहे, पाण्याच्या रंगातलं. कोणी काढलं ते पाटीवर नाही. एक नदी, दोन बैल पाण्यात उभे, एक कडुलिंब, आणि काठावर घागर घेतलेली बाई. तिचं लुगडं फिक्या गुलाबी रंगाचं, धुवून धुवून उतरल्यासारखं. मला ते तसंच आवडायचं. गरिबाघरची बाई आहे, मी म्हणायचो, लुगडं जुनं असणारच.

हिवाळा बरा गेला. मी रोज पुठ्ठ्याकडे पाहायचो आणि काही दिसायचं नाही. शिवरात्र झाली. एका सकाळी हॉलमध्ये कोणी नव्हतं, मी चांदीच्या कागदाचा कोपरा नखानं उचलला.

पहिली पट्टी उतरली होती. झाकलेली बाजू निळी, उघडी बाजू राखेसारखी व्हायला लागलेली. दुसरीवरही अंधुक रेघ उमटली होती.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. शिवरात्रीलाच हे, तर चैत्र-वैशाखात काय होईल? मी पश्चिमेच्या झडपा दहालाच ओढायला लागलो. झरोके अर्धे केले. मग लोक बोलायला लागले. एका कुटुंबातली बाई माझ्यासमोर नवऱ्याला म्हणाली, "अवो, हे चित्रं दाखवून राह्यले का लपवून राह्यले?" दुसऱ्या दिवशी साहेब आले. "काकाजी, काहून अंधार केला? लोकं म्हणतेत भुताचा वाडा हाय." मी झडपा परत उघडल्या. तासाभरानं ओढल्या. पुन्हा उघडल्या. दिवसभर मी त्या खिडक्यांसमोरून पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरत होतो, आणि दर फेरीला पुठ्ठ्यापाशी थांबत होतो.

होळीच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. मी बाहेर चहाला निघालो आणि सवयीनं खांद्यावरचा पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळायला लागलो. आपल्याकडे उन्हात उघडं डोकं घेऊन कोणी निघत नाही. माठावर ओलं फडकं घालतो, लेकराच्या तोंडावर पदर घालतो, सायकलच्या सीटवरसुद्धा रुमाल टाकतो. आणि समोर तो पुठ्ठा, भर उन्हाळ्यात उघडा. अर्धा बाईनं झाकला, अर्धा तसाच.

मी दुपट्ट्याची कड दातानं धरून फाडली. हाताएवढा तुकडा निघाला. दोनदा दुमडला आणि पुठ्ठ्यावर अडकवला. आजच्यापुरता, असं मनात म्हणालो.

उद्याही अडकवला. मग रोजच. सकाळी झडपा उघडायच्या आधी फडकं चढवायचं, साहेबांच्या बुटांचा आवाज आला की खिशात. कोणी पाहुण्यानं विचारलं तर सांगायचो, धूळ बसते म्हणून. मला त्यात काही वाईट वाटलं नाही, हे कबूल करतो. माझी अक्कल अशी चालत होती: चित्राचं काही बिघडत नाही हे मला माहीत आहे, बिघडतो तो हा पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याच्या पायी खिडक्या जातील. मग पुठ्ठ्यालाच सांभाळलं तर कोणाचं काय गेलं?

घरी मात्र मला बसवेना. बायको म्हणाली, "अवो, काहून असे येरझाऱ्या घालून राह्यले? फरशी झिजन ना."

"काई नाई वं. ते पुण्याची बाई म्हणते, चित्राचे रंग उडून राह्यले. म्या म्हटलं, रोज पाह्यतो, मले नाई दिसत."

"रोज पाह्यते म्हूनच नाई दिसत." ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. "तुमचे केस कधी पांढरे झाले, ते दिसलं व्हतं काय तुमाले? आरशात तं रोज पाह्यता."

मी म्हटलं, केसाची गोष्ट वेगळी. ती म्हणाली, हाव, वेगळी, आणि देठ माझ्याकडे फेकला.

दसऱ्याला चार दिवस होते तेव्हा मॅडम आल्या. मी सकाळीच फडकं काढून खिशात घातलं होतं. त्यांनी पुठ्ठा खिडकीपाशी नेला, चांदीचा कागद सोलला, भिंग लावून पाहिलं. मग यंत्राच्या जुन्या आकड्यांची वही काढली, बेरीज केली, पुन्हा पाहिलं. 

"काका," त्या म्हणाल्या, "नागपूरचा उन्हाळा जाऊन एवढंच? मी तर घाबरून आले होते." आणि खरोखर आनंदानं हसल्या. "तुम्ही झडपा कशा सांभाळल्या हो? मला शिकवा."

होळीपर्यंत पट्टी थोडी उतरलीच होती, त्यामुळे कोणाला संशय येण्यासारखं काही नव्हतं. अजिबात उतरली नसती तर त्यांनी तिथंच पकडलं असतं. मी मूर्ख असलो तरी नशिबाचा पक्का होतो.

दोन दिवसांत अहवाल गेला. खिडक्या राहणार. एवढंच नाही, उन्हाळ्यातही पश्चिमेच्या झडपा दुपारभर अर्ध्या उघड्या ठेवायला हरकत नाही. आणि पाणवठ्याचं चित्र आडभिंतीवरून काढून पूर्वेच्या भिंतीवर, थेट पश्चिमेच्या खिडक्यांसमोर लावायचं, म्हणजे लोकांना नीट दिसेल. नवीन काच बसवून.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं, चहा दिला, कपबशीतला, कागदाच्या कपातला नाही. "काकाजी, शनिवारी छोटा कार्यक्रम ठेवला. मोठे साहेब येतीन. तुमाले शाल अन् नारळ. चांगला सदरा घालून या. अन् त्या दिवशी तरी त्या दुपट्ट्याले घरी ठेवा, किनार फाटली त्याची."

मी हो म्हणालो. मनातल्या मनात शाल खांद्यावर चढवूनसुद्धा पाहिली. खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षांत कोणी मला नारळ दिला नव्हता.

पण हॉलमध्ये परत आलो आणि पाय थांबेनात. पूर्वेच्या भिंतीपुढं उभा राहिलो. वैशाखातल्या दुपारी तीन वाजता तिथं ऊन कसं येतं हे माझ्याएवढं कोणाला माहीत होतं? झडप अर्धी उघडी असली तरी फळ्यांच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी येतं, आणि जिथं पडतं तिथला दगड संध्याकाळीसुद्धा हाताला गरम लागतो. तिथं ते कागदाचं चित्र येणार होतं. का, तर माझं फडकं म्हणालं की चालतं म्हणून.

तरी मी स्वतःला समजावत होतो. रंग उडत नाही, मी पाहतो ना रोज.

गुरुवारी मॅडमनी मागच्या खोलीत चित्र चौकटीतून काढलं. काच बदलायची होती. मला हाक मारली. "काका, या, तुमचं चित्र बघा. असं कधी पाहिलं नसेल तुम्ही."

टेबलावर पांढरा कागद अंथरून चित्र ठेवलं होतं, उघडं. चौकटीच्या आत पुठ्ठ्याची किनार असते, तिच्याखाली चित्राची दोन बोटं रुंद कड इतकी वर्षं झाकलेली होती. घागरवालीच्या लुगड्याचा पदर वाऱ्यानं उडून त्या कडेपर्यंत गेला आहे, हे मला माहीतच नव्हतं. दोन बोटांएवढा पदर किनारीखाली गेला होता.

तो लाल होता. ओल्या कुंकवासारखा लाल. आणि जिथं किनार संपत होती तिथं सरळ रेघ, जशी कात्रीनं मारावी, आणि रेघेच्या अलीकडे माझी फिकी गुलाबी बाई.

"मूळ रंग हा," मॅडम हळूच म्हणाल्या. "किती सुंदर असेल ना ते."

 नवरीचं लुगडं होतं ते. नदीवर पहिल्यांदा पाण्याला आलेली नवी नवरी, आणि मी चाळीस वर्षं तिला गरीब समजत होतो. सगळं माझ्याच हातून गेलं असं नाही, माझ्या आधीही खिडक्या उघडणारे होते. पण माझ्या चाळीस वर्षांचा वाटा त्यात होताच, आणि आता मी तिला उचलून थेट उन्हात नेऊन बसवायला निघालो होतो.

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. परत आलो. पुन्हा गेलो. शनिवार, शाल, मोठे साहेब, खिडक्या, सगळं डोक्यात एकदम फिरत होतं. बोललो तर खिडक्या गेल्या. खिडक्या गेल्या तर मी कोण? काठी धरलेला म्हातारा. नाही बोललो तर ती दोन बोटांची कड तेवढी राहणार, बाकी सगळं पांढरं. मी पाचवी-सहावी फेरी मारली तेव्हा मॅडम दारात आल्या होत्या.

"काका, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

मी खिशातून फडकं काढलं आणि टेबलावर, चित्राच्या बाजूला ठेवलं.

"हे काय?"

"हे पुठ्ठ्यावर व्हतं."

त्यांना कळलं नाही. फडक्याकडे पाहिलं, माझ्या दुपट्ट्याच्या फाटक्या कडेकडे पाहिलं, मग कळलं. खुर्चीवर बसल्या.

"कधीपासून?"

"होळीपासून."

"रोज?"

"सुट्टीचा दिवस सोडून."

त्यांनी फडकं उचलून उजेडात धरलं. बाहेर कोणीतरी गाडी मागं घेत होतं, त्याचा पीं पीं आवाज तेवढा येत होता.

"म्हणजे माझा अहवाल खोटा," त्या म्हणाल्या.

"अहवाल तुमचा खराच हाय. फडकं खोटं हाय. ते माह्यं."

"काका, पण का? मी तुमच्याच बाजूनं होते. खिडक्या राहाव्यात म्हणून वरच्या लोकांशी मीच भांडत होते."

 मला वाटलं होतं त्या चिडतील, ओरडतील, मग मीही दोन शब्द सुनावीन आणि मोकळा होईन. त्या ओरडल्याच नाहीत. ते जास्त लागलं. मी म्हटलं, "पुठ्ठा नापास झाला असता तं म्याच नापास झालो असतो, बाई. म्हून झाकला. अन् ते लुगडं लाल हाय हे मले कोनं सांगतलं व्हतं?"

साहेबांना त्यांनी स्वतः सांगितलं, मी दारात उभा होतो. साहेब आधी पांढरे झाले, मग लाल. "काकाजी, मोठ्या साहेबाले आता काय सांगू मी? शाल फाटली म्हणून सांगू?"

"सांगा का म्हातारा हरामखोर निंगाला."

"काकाजी, तुमी गप्प बसा बरं."

मॅडम म्हणाल्या, अहवाल मी परत घेते, चूक माझीही आहे. वर्षभर पुठ्ठा लावून ठेवला आणि मधे एकदाही येऊन पाहिलं नाही. आणि मग माझ्याकडे वळून जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "काका, मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. इथं कोणत्या महिन्यात ऊन कुठून येतं, कुठवर येतं, सांगाल?"

आम्ही शुक्रवारचा पूर्ण दिवस हॉलमध्ये होतो. मी खडू घेतला आणि जमिनीवर रेघा ओढत गेलो. पौषात ऊन इथवर. फाल्गुनात इथं. वैशाखात पश्चिमेच्या तिसऱ्या खिडकीतून पूर्वेची भिंत अशी धरतं. त्या वहीत लिहीत होत्या. उत्तरेच्या खिडक्यांपाशी आलो तेव्हा म्हणाल्या, "इकडे काळजी नाही. उत्तरेकडून ऊन येतच नाही, फक्त उजेड येतो."

"कोनं सांगतलं?"

"पुस्तकात आहे."

"मंग पुस्तकवाला जेठात नागपूरले आला नसन. जेठात सकाळी या खिडकीतून अन् सांजच्याले त्या कोपऱ्यातून, एवढी एवढी चीर येते. पंधरा-वीस मिनिटं राह्यते. पण येते."

त्यांनी पेन थांबवलं, मनाशी काहीतरी हिशेब केला, आकाशाकडे हात वळवून पाहिला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "काका, अगदी बरोबर आहे."

मी पुढच्या खिडकीकडे गेलो. थांबलो असतो तर डोळ्यात पाणी दिसलं असतं त्यांना.

दिवाळीनंतर निकाल लागला. पश्चिमेच्या सातही खिडक्या कायमच्या बंद. उत्तरेच्या पाच आणि झरोके आणखी एक वर्ष राहतील, काचेवर पातळ पापुद्रा चिकटवून आणि आतून पांढऱ्या मांजरपाटाचा पडदा लावून, म्हणजे उजेड गाळून येईल. एक वर्ष पुन्हा पुठ्ठा. मग पुढचं ठरेल. पाणवठ्याचं चित्र आडभिंतीवरच, पण त्याच्यावर आता जाड कापडाचं झाकण आहे, दांडीवर लटकवलेलं. ज्याला पाहायचं त्यानं उचलायचं, पाहायचं, सोडायचं. किनारीचा पुठ्ठाही मॅडमनी कापून मागं घेतला, त्यामुळे लाल पदर आता दिसतो. लोक विचारतात, हा एवढाच लाल कसा? मी सांगतो. सगळं सांगतो, फडक्यासकट. काही हसतात. हसू द्या.

शनिवारचा कार्यक्रम झाला नाही. शाल कोणाला दिली, विचारलं नाही. नागपुरात शाल लागते किती दिवस?

पश्चिमेच्या खिडक्यांना प्लायवूड मारायला सुतार आला तेव्हा मी त्याला झडपांना हात लावू दिला नाही. सातही झडपा मीच ओढल्या, अडसर घातले, आणि त्याच्याकडून हातोडी घेऊन पहिला खिळा प्रत्येक खिडकीला मी ठोकला. दुसरे त्यानं ठोकले. सातवी झाली आणि हॉलची ती बाजू सपाट झाली. तेव्हापासून दुपारी तीन वाजले की माझे पाय अजून तिकडे वळतात. अर्ध्या वाटेतून परत येतो.

आता वैशाख चालू आहे. नवा पुठ्ठा जुन्याच जागी आहे, यावेळी दोन्ही बाजूंना खिळ्यानं पक्का केलेला, फडकं अडकवायला फट राहू नये म्हणून; ते मीच सांगितलं. मॅडम महिन्यातून एकदा फोन करतात. "काय म्हणतोय पुठ्ठा?"

"उतरून राह्यला."

"किती?"

"पहिली पट्टी. थोडीशी. दुसरीवर अजून काई नाई."

"उतरू द्या."

"हाव. उतरूच देऊन राह्यलो."

फोन ठेवला की मी पुठ्ठ्यापुढं जाऊन उभा राहतो. दसऱ्याला काय निघेल माहीत नाही. उत्तरेच्याही जातील कदाचित. खांद्यावर दुपट्टा असतो, फाटक्या कडेचा, बायकोनं किनार शिवायला मागितला तरी मी दिला नाही. माणसं येतात, पाणवठ्यावरचं कापड उचलतात, सोडतात. उत्तरेच्या पडद्यातून उजेड येतो आणि पट्टीवर पडतो, माझ्या डोळ्यांदेखत. हात शिवशिवतात. मी ते पाठीमागं घट्ट धरतो आणि हॉलची आणखी एक फेरी मारायला निघतो.